मामाजींचा स्टीफन राजा

आमच्या घरी आलेल्या माणसाला पाणी मिळायच्या आधी मामाजी त्याचं आडनाव विचारत, आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत ते त्याच्या पणजोबांपर्यंत पोचलेले असत. मामाजी म्हणजे माझे सासरे. अमरावतीच्या कॉलेजात इंग्लंडचा इतिहास शिकवून रिटायर झालेले. कॅनडात, टोरांटोजवळच्या मिल्टनला आमच्याकडे दोनदा येऊन सहा-सहा महिने राहून गेले. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते जमत नाही, उगाच कशाला खोटं सांगू.

नितीनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातला एक नागपूरकर बायकोला घेऊन पहिल्यांदा जेवायला आला होता. मामाजींनी त्याला सोफ्यावर बसवून अशी काही उलटतपासणी घेतली की बिचाऱ्याला आजोबांच्या वडिलांचं नाव आठवेना. "तीन पिढ्यांपलीकडे ज्याला आपली माणसं माहीत नाहीत तो भाडेकरू असतो, घरमालक नव्हे," मामाजी म्हणाले. त्याने नुकताच इथे काँडो, म्हणजे स्वतःचा फ्लॅट घेतला होता, त्याचेच पेढे घेऊन आला होता. त्याच्या बायकोला मात्र मामाजींनी काहीच विचारलं नाही. बायकांना ते कधीच काही विचारत नसत. तेव्हा मला वाटलं होतं, बरंय, सुटली बिचारी.

इंग्लंडच्या सगळ्या राजांमध्ये त्यांचा जीव जडला होता तो स्टीफनवर. आता हा स्टीफन काही मोठा पराक्रमी नव्हे. नऊशे वर्षांपूर्वीचा एक लोचट माणूस. पण मामाजी "आमचा स्टीफन" असं म्हणत, जसा काही तो अमरावतीच्या राजापेठेत राहणारा चुलतभाऊ. गोष्ट ते आपल्या नात्यांत सांगत. पहिला हेन्री राजा हा स्टीफनचा सख्खा मामा. हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा जहाज बुडून गेला. त्याच जहाजात स्टीफनही चढला होता, पण जुलाब लागले म्हणून उतरला आणि वाचला. हे जुलाबाचं प्रकरण मामाजी हटकून आम्ही वरण-भात कालवला की काढत. मग मामाने राज्य मुलीला, मटिल्डाला द्यायचं ठरवलं आणि सगळ्या सरदारांकडून शपथ घेतली. स्टीफननेही घेतली. मामा मेला रे मेला, की भाचा समुद्र ओलांडून गेला आणि मामेबहिणीचं राज्य ढापून डोक्यावर मुकुट चढवून मोकळा झाला.

"पण ते चीटिंग आहे," सई म्हणायची. सई आमची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. मामाजी खूश होऊन म्हणत, चीटिंग तर खरंच, त्यापायी एकोणीस वर्षं देशाची धूळधाण झाली, पण पुरुष राजा हवा होता लोकांना, त्याला कोण काय करणार.

एक कबूल करते, सांगायचे छान. बर्फ पडलं की मी आणि नितीन ड्राइव्हवे शोव्हल करत असू आणि मामाजी गॅरेजच्या दारात, माझी शाल पांघरून, मटिल्डा वेढ्यातून कशी निसटली ते सईला सांगत असत. पांढरी वस्त्रं घालून, गोठलेली नदी पायी ओलांडून. सई तोंड उघडं टाकून ऐकायची. माझी कंबर मोडत असायची आणि यांचं "जरा डावीकडचंही काढ, वर्षा" मधेमधे चालूच. मटिल्डाचं कौतुक करणाऱ्या माणसाला घरातल्या बाईच्या हातातलं फावडं कधी दिसलं नाही. आता आठवलं तरी माझ्या डोक्यात सणक जाते.

दुसऱ्या खेपेला ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक अख्खी बॅग भरून कागद होते. कुलवृत्तांत. आमच्या सासरच्या घराण्याची सगळ्या शाखांची वंशावळ पुस्तकरूपाने काढायची होती आणि संपादक हे. प्रत्येक कुटुंबाने फॉर्म भरायचा, खाली सही करायची, मगच नोंद. सख्ख्या भावाने फोनवर नातवाचं नाव सांगितलं, तरी यांनी लिहिलं नाही. "ऐकीव माहितीवर मी कुणाला जन्माला घालत नाही," असं त्याला ऐकवलं. आमचं डायनिंग टेबल चार महिने त्या कागदांखाली होतं आणि आम्ही किचनच्या ओट्यापाशी उभ्याने जेवत होतो.

त्याच सुमारास इथल्या मराठी ज्येष्ठांच्या गटाने त्यांना बोलायला बोलावलं. विषय अर्थात स्टीफन. मामाजींनी गिफ्ट गुंडाळायच्या कागदाच्या मागच्या बाजूला मोठा तक्ता काढला आणि भिंतीला चिकटवला. चार महिने कुलवृत्तांत काढून हात असा बसला होता की तक्ताही त्यांनी तस्साच काढला, फक्त मुलग्यांचा. वर हेन्रीचा बाप विल्यम, खाली त्याचे मुलगे, हेन्रीखाली बुडालेला मुलगा आणि तिथे रेघ संपलेली. स्टीफन बिचारा कोपऱ्यात आपल्या फ्रेंच बापाखाली एकटाच लटकत होता. तो विल्यमचा नातू होता ते आईकडून, आणि आई तक्त्यात नव्हतीच.

सईने हात वर केला. "आजोबा, देन हाउ इज ही रिलेटेड? देअर इज नो लाइन."

मामाजींनी मार्कर उचलला, तक्त्याकडे पाहिलं, पुन्हा मार्करकडे पाहिलं. हे समजून घ्यायचं असतं, म्हणाले, आणि पुढे बोलायला लागले. लोक हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने, आणि त्यातला आनंद लपवला नाही.

घरी आल्यावर सई टेबलावरच्या कागदांत आपलं नाव शोधायला लागली. रविवारच्या मराठी वर्गामुळे ती अक्षरं लावून लावून वाचायची. नितीनचं नाव तिला सापडलं. त्याच्याखाली लहान अक्षरात एक शब्द होता. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली आणि विचारलं, "आई, व्हॉट इज निर्वंश?"

सईनंतर माझी दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरने आता पुरे म्हणून सांगितलं. मामाजींना हे सगळं माहीत होतं, त्या वेळी सासूबाई हयात होत्या आणि रोज फोन करत होत्या. तो कागद हातात घेऊन मी बाहेरच्या खोलीत मामाजींसमोर जाऊन उभी राहिले.

"ही शिवी नाही, वर्षा. नोंद आहे," मामाजी म्हणाले. "ज्याच्यापुढे मुलगा नाही त्याच्याखाली असंच लिहितात. माझ्या काकांच्या नावाखालीही आहे."

"सई इथे उभी आहे, मामाजी."

"सई उद्या लग्न होऊन दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात जाईल."

"मग तुमच्या स्टीफनलाही काढा," मी म्हणाले. "आईच्या नावावर राज्य घेतलं, आणि त्या आईला तुम्ही आज भिंतीवरसुद्धा जागा दिली नाही. सईने विचारलं तेव्हा तुमच्याकडे उत्तर होतं का?"

नितीन मधे पडायला आला, त्याला मी गप्प बसवलं. त्यानंतर मामाजी तीन आठवडे राहिले. माझ्याशी मीठ-पाण्यापुरतं बोलले, सईला गोष्ट सांगितली नाही, आणि कागद बॅगेत भरून अमरावतीला परतले. एअरपोर्टवर मी वाकून नमस्कार केला नाही. गेट्सपाशी ते वळले होते, पण मी पार्किंगच्या तिकिटाचं निमित्त करून निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात, मी नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसात डबा खात असताना त्यांचा फोन आला. त्यांनी मला फोन करायची ती पहिलीच वेळ, नेहमी नितीनला करत. म्हणाले, नियम बदललाय, मुलींची नावं घालतोय, सगळ्या शाखांतल्या. माझ्या आत्यांची नावं शोधायला गावोगाव हिंडलो. एका आत्याचं नाव तिच्या नातवालाही ठाऊक नव्हतं.

"तो शब्द काढलाय," ते म्हणाले. "सईचा फॉर्म तू भर. मुलांच्या फॉर्मवर यापुढे आईची सही घ्यायची असं ठरवलंय."

मी म्हणाले, "आम्हांला त्या पुस्तकात यायचं नाही."

"राग कळतो मला. फॉर्म पाठवून ठेवतो. फार उशीर करू नको."

फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर आला. एक पानाचा, पाच मिनिटांचं काम. नितीन दर रविवारी विचारायचा, मी बघू म्हणायचे. मला त्यांना वाट बघायला लावायचं होतं, एवढंच. पुरतं माफ करायच्या आधी थोडं ताटकळत ठेवायचं. सप्टेंबरात एका सकाळी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. प्रुफं मांडीवर होती, असं चुलतदिराने सांगितलं.

पुस्तक मार्चमध्ये कुरियरने आलं. जाडजूड, लाल पुठ्ठ्याचं. सईने ते जमिनीवर पालथं पडून वाचलं. सगळ्या मुली होत्या त्यात. आत्या, चुलत आत्या, अकोल्याच्या जावेची तीन महिन्यांची मुलगीसुद्धा. आमच्या पानावर नितीनच्या नावाखाली बोटभर कोरी जागा होती. छापणाऱ्याला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, सरांनी सांगितलं होतं, टोरांटोचा फॉर्म येतोय, तोवर तिथे काही बसवू नका.

सईने पान माझ्याकडे वळवलं. "ही लेफ्ट मी आउट. एव्हरीवन एल्स इज हिअर." तिचा आवाज इतका साधा होता की मी हो म्हणून मोकळी होऊ शकले असते. माझ्या रागाचं सगळं म्हणणं त्या एका शब्दाने कायमचं शाबीत झालं असतं आणि खोटं पाडायला ते हयात नव्हते.

"त्यांनी नाही," मी म्हणाले. "मी."