राक्षसाचा सातबारा

गेल्या मे महिन्यात मी जळगावात राक्षस म्हणून नापास झालो.

नापास करणाऱ्यांत सहा शाळकरी मुलं होती, माझी सख्खी थोरली बहीण होती आणि माझा सख्खा थोरला भाऊ होता. परके कोणी असते तर मी फेरतपासणीला अर्ज केला असता. घरच्यांकडे कुठे अर्ज करणार?

प्रकरण सुरू झालं माझ्या पुतणीमुळे. सई पुण्याला शिकते. परीक्षा संपल्यावर ती स्वतःच्या घरी, म्हणजे धुळ्याला माझ्या थोरल्या भावाकडे, नानांकडे, न जाता थेट आमच्याकडे उतरली. हातात एक पिशवी, पिशवीत नकाशे आणि चित्रविचित्र फासे. मुलांसाठी आठवडाभराचं ‘मोहीम शिबिर’ घ्यायचं, असं तिने चहा प्यायच्या आधीच जाहीर केलं. मला वाटलं, सातपुड्यात तंबू वगैरे ठोकणार. तर तसं काही नाही. सगळी मोहीम टेबलावरच! मध्ये नकाशा पसरायचा. प्रत्येक मुलाने एक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सई गोष्ट सांगणार, पुढे काय करायचं ते मुलं ठरवणार आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. वीस पडले तर काहीही जमतं. एक पडला तर चालता चालता चपलेचा अंगठासुद्धा तुटतो.

हे सगळं आमच्याकडेच का? तर माझ्या ठिबक-पाइपच्या दुकानावर मोठी खोली आहे आणि त्या खोलीत मोठा कूलर आहे. मे महिन्यात जळगावात ज्या खोलीत कूलर, त्याच खोलीत अख्खं घर. त्यामुळे टेबलाशी सहा मुलं आणि सई, कोपऱ्यात भाजी निवडणारी माझी बायको, खिडकीशी फोनवर गिऱ्हाइकांशी बोलणारा मी, आणि भिंतीला टेकून लसूण सोलणारी अक्का. ही आमची सगळ्यांत थोरली बहीण. गावाहून दातांच्या कवळीसाठी आली होती. कवळी तयार होईपर्यंत सोलायला म्हणून येताना पोतंभर लसूण घेऊन आली होती.

पहिल्या दिवशी आम्ही मोठ्यांनी मध्ये मध्ये इतकं तोंड घातलं, की सईने एक नियमच काढला. शिबिर चालू असताना या खोलीत जो बोलेल, तो खेळात आला!

दुसऱ्याच दिवशी बायकोने “चहा कोणाला?” असं विचारलं आणि ती धर्मशाळेची मालकीण झाली. मुलांची सेना तिच्याकडे मुक्कामाला थांबली ती पोहे संपेपर्यंत हललीच नाही. मी फोनवर एका गिऱ्हाइकाला म्हणालो, “दोन इंची संपला, भाव वाढायच्या आत उद्या या.” मुलांनी मला लोभी व्यापारी ठरवून लुटून घेतलं. (गिऱ्हाइकही दुसऱ्या दिवशी आलं नाही, ते वेगळं.) अक्का तेवढी आठवडाभर अक्षर बोलली नाही. ती नुसतं ऐकत होती. आमच्या घरात अक्का इतका वेळ गप्प राहणं ही काळजीची गोष्ट आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खरी अडचण होती नानांची. नाना तलाठी म्हणून निवृत्त झाले. सईने सुट्टीत धुळ्याला स्पर्धा परीक्षांचा क्लास लावावा, अशी त्यांची इच्छा. सईला दिवाळीत धुळ्याला मोठं शिबिर घ्यायचं होतं आणि तिथल्या सभागृहाची किल्ली नानांच्या हातात होती. नाना म्हणाले, शेवटच्या दिवशी येऊन बघतो, मग सांगतो. आता नानांची एक खोड आहे. आवडलं नाही की ते उठून जातात. वाद घालत नाहीत, तोंड वाकडं करत नाहीत, फक्त उठतात. नाटकांतून उठलेत, भाषणांतून उठलेत, माझ्या साखरपुड्यातूनसुद्धा उठलेत. त्यामुळे सईचा हिशोब सरळ होता. बाबा शेवटपर्यंत बसले तर दिवाळीचं शिबिर, उठले तर क्लास.

आणि शेवटच्या दिवशी सकाळी सईचा आवाज गेला. आठवडाभर भुतं, चेटकिणी आणि एक दमेकरी अजगर यांचे आवाज काढले, वर रोज रात्री बर्फाचा गोळा. घशातून नुसती हवा येत होती. डोळे भरून आले होते पोरीचे.

मी म्हणालो, काळजी करू नकोस, राक्षस मी करतो. (धुळ्याला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एकदा शिपायाचं काम केलं होतं. वाक्य एकच होतं, पण लोकांना आवडेल म्हणून मी ते तीनदा म्हटलं होतं.) सईने माझ्या हातात कागद दिला आणि जीव एकवटून कुजबुजली, “काका, कागदावर आहे तेवढंच बोला. मनाचं काही घालू नका.”

मी शब्द दिला.

गोष्ट अशी होती, की कालकूट नावाच्या नऊशे वर्षांच्या राक्षसाने नगराचा झरा अडवलाय. मुलांनी त्याला हरवायचं आणि पाणी सोडवायचं. मी बायकोची काळी ओढणी पांघरली आणि ठिबकच्या काळ्या नळीचं वेटोळं मुकुट म्हणून डोक्यावर चढवलं. मुलांच्या तलवारीही त्याच नळीच्या होत्या. थोडक्यात, दोन्ही सैन्यांना माल माझ्याच दुकानाचा.

चारच्या सुमाराला नाना आले. दाराजवळची खुर्ची निवडून बसले. सईने माझ्याकडे बघितलं आणि मी गरजलो. गरजलो म्हणजे काय, खालच्या दुकानातला पोऱ्या पळत वर आला! मुलं खूश. नानांची एक भुवई वर गेली, पण नाना बसलेले. शेजारच्या मास्तरांची प्रज्ञा आमची मुख्य योद्धा. आठवडाभर तिला याच क्षणाची घाई झाली होती. तिने तलवार उचलली, दुसऱ्या हातात फासा घोळवला, आणि भिंतीकडून लसूण सोलल्याचा आवाज थांबला.

“थांब वं माय,” अक्का म्हणाली. “मारशी मंग. पन पहिले इचार तरी, तो कोना शे.”

राक्षस कोणाचा, हे आठवडाभर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सईने डोळे मिटून घेतले. सोहम म्हणून सराफांचा मुलगा होता, खेळातला जादूगार आणि नियमांचा पक्का. त्याने निर्णय दिला, की अक्काआजी बोलल्या, म्हणजे खेळात आल्या. त्यांचं पात्र कोणतं, असं कोणीतरी विचारलं. अक्का म्हणाली, “मी अक्का.” यावर कोणाला हरकत घेता आली नाही.

मग ती चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाली, “तुनं गाव कोनतं शे रे?”

मी कागद बघितला. कागदावर गाव नव्हतं. आता कोणीही शहाणा माणूस अंधारदरी, काळडोंगर असं काहीतरी ठोकून देईल. पण अक्काने असं बघितलं की लहानपणापासून माझ्या तोंडून खोटं येत नाही, डोक्यात असेल तेच बाहेर पडतं. सकाळी दुकानात वरणगावचं गिऱ्हाईक होतं. मी म्हणालो, “वरणगाव.”

“तुनी माय कोठली?”

“पहूरची,” मी म्हणालो. पहूर माझ्या सासूबाईंचं माहेर. ते कुठून आलं, देव जाणे.

अक्काने लसणाचं ताट बाजूला सरकवलं. पहूरच्या कोणत्या घरातली, थोरलीची की धाकटीची, मुंजाबाच्या पारापासून कोणत्या अंगाला, असं करत करत तिने चार पिढ्या बोटांवर मोजल्या आणि कालकूटाची माय आमच्याच एका चुलत बहिणीची नणंद निघाली.

“मंग तू तं आमना भाचा लागस,” ती म्हणाली. “जेवना का रे?”

नऊशे वर्षांच्या राक्षसाने मान हलवून नाही म्हटलं. (खरंच जेवलो नव्हतो. नानांच्या धास्तीने दुपारी घास उतरला नव्हता.) झालं! धर्मशाळेच्या मालकिणीने शेवभाजी, भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणून ठेवला. प्रज्ञाची तलवार वरच्या वर अधांतरी, कारण जेवत्या भाच्याला मारायचं कसं, याबद्दल सईच्या नियमांत काहीच नव्हतं. मी मुकुटासकट टेबलापलीकडच्या खुर्चीवर मांडी घालून जेवायला बसलो.

आणि नाना उठले.

सईने टेबलाची कड घट्ट धरली. माझा हात ताटातच राहिला. कागदाच्या बाहेर एक शब्द बोलू नका, असं त्या पोरीने बजावलं होतं, आणि मी तर अख्खं आजोळ बोलून बसलो होतो. स्वतःच्या मुलीचं काही बिघडवलं असतं तर एक वेळ ती बोलली तरी असती. पुतणीला बोलताही येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. भाकरी ठेवून द्यावी असं वाटण्याइतकं वाईट वाटलं.

पण नाना दाराकडे गेले नाहीत. ते टेबलाजवळ आले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि नकाशावर वाकले. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “हा झरा तुझा कशावरून?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अंगात कालकूट संचारलेला! छाती पुढे काढून म्हणालो, “वडिलोपार्जित आहे.”

निवृत्त तलाठ्याला वडिलोपार्जित म्हणून सांगणारा मी बहुधा पहिलाच राक्षस.

“सातबारा दाखव,” नाना म्हणाले.

पुढचं काय सांगू? वारसांची नोंद केव्हा झाली, फेरफार कोणी मंजूर केला, पाण्याची पाळी कोणाकोणाची, एकामागून एक. मी म्हणालो, नऊशे वर्षांची वहिवाट आहे. ते म्हणाले, मग पीकपाहणीला काय लावलं होतं? तिकडून सोहमने संधी साधून माझ्या गुहेतल्या सोन्याची पावती मागितली. पावती नसेल तर पप्पा जुनं सोनं मोडीत घेताना वजनात घट धरतात, म्हणाला. मुलं फासे सोडून टेबलावर ओणवी झाली होती आणि प्रत्येक प्रश्नाला “सांगा, सांगा” करत होती. शेवटी नानांनी चतुःसीमा विचारली. पूर्वेला काय, पश्चिमेला काय? मी नकाशाच्या उलट्या बाजूला बसलेलो. दिसेल तसं सांगत गेलो आणि बोलता बोलता झरा नगराच्या वेशीच्या आत नेऊन ठेवला.

“म्हणजे झरा गावठाणात,” नाना म्हणाले. “अतिक्रमण आहे हे.”

मी घाईघाईने कागद उचलला. शेवटी लिहिलं होतं, कालकूट चिडून आग ओकतो. मी फासा टाकला. एक पडला. नेमका तेव्हाच ठेचा घशात गेला आणि मला असा ठसका लागला की मुकुट ताटात पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी माझ्या अभिनयाचं कौतुक झालं ते एवढंच.

नानांनी निकाल दिला. झरा नगराचा. भाचा म्हणून कालकूटाने बांधाबाहेर राहावं आणि आठवड्यातून एकदा पाळीने पाणी घ्यावं. सगळ्यांना पटलं. फक्त प्रज्ञाचा ओठ थरथरायला लागला.

“मग मी लढू कधी?” ती म्हणाली.

नाना विचारात पडले. अगदी कचेरीत बसल्यासारखे विचारात पडले. मग म्हणाले, “अतिक्रमण काढायला कोणीतरी लागतंच.”

ठिबकची नळी उन्हातान्हात वर्षानुवर्षं टिकते, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो आहे. ते खरं आहे. सहा नळ्या माझ्या पाठीवर पडल्या, एकही चिरली नाही.

नानांची धुळ्याची गाडी चुकली. पायऱ्या उतरताना त्यांनी सईच्या डोक्यावर हात ठेवला. “दिवाळीत घे शिबिर. सभागृहाचं मी बघतो. क्लास सकाळचा लावू, दुपार तुझी.” सईला बोलता येईना, ती नुसतीच हसत रडत होती. मीही डोळे पुसले आणि ठेच्याचं नाव पुढे केलं. चार पायऱ्या उतरून नाना वळले. “राक्षस मात्र दुसरा बघ. याला चार प्रश्न झेपत नाहीत.”

सईने दुसरा बघितला. दिवाळीत धुळ्याला कालकूटाच्या जागेवर अक्का बसली, नव्या कवळीसकट. मुकुट नको, ओढणी नको, गरजणं तर नकोच. शेजारी लसणाचं ताट तेवढं होतं. मला सईने दया येऊन मुलांच्या बाजूला घेतलं. पहिला वार माझा होता. मी तलवार उचलली, फासा टाकला, चक्क वीस पडले!

अक्काने चष्म्याच्या वरून बघितलं. “तू कोना शे रे?”

मी वडिलांच्या नावासकट अख्खं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वाकून पाया पडलो आणि तिने पुढे सरकवलेला लसूण सोलायला बसलो. मुलांनी संध्याकाळपर्यंत झरा सोडवला, नगर सोडवलं, जुने कैदीसुद्धा सोडवले. मला सोडवायला मात्र कोणी आलं नाही.