चारही भेटी भांगाला

सुमेधाताईंना चौकश्या फार. डब्यातल्या आमटीत गूळ कुठला, इथपासून सुरुवात. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात त्यांचं काम म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले पूल तपासणं, आणि द्रोणागिरीकडच्या नव्या बायपासवरचा खाडीपूल मी काढला होता. माझी गणितं दोन दिवसांत पास झाली. मनातल्या मनात मी पेढे वाटून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सर्व्हेवाले पाणी मोजायला चारदा गेले ना? तारखा कॅलेंडरवर बघितल्यास? अष्टमी, नवमी, अष्टमी, दशमी."

"मग काय, उपास होता त्यांचा?"

त्या हसल्या नाहीत. भरतीला जोर असतो पुनवे-अवसेला. अष्टमीच्या आसपास ती मंदावते. चारही वेळा कमी पाणी मोजलं गेलं होतं आणि त्यावरच मी पुलाची उंची ठरवली होती. खरं तर मला लाज वाटली, पण बाहेर पडला तो राग. "योगायोग असेल."

"चारदा? चल, विचारून येऊ."

सर्व्हेवाल्यांना खाडीत नेणारा गोटीराम काठावर होडीला डांबर लावत बसला होता. साठीचा, काटक माणूस. त्याच तिथींना का नेलंत, ताईंनी विचारलं.

"भांगाला मी रिकामा," तो म्हणाला. "उधानाला मासली मिलते, बाय. तवा धंदा सोडून त्यांना कोन फिरवल?"

भांग म्हणजे तेच मंद भरतीचे दिवस. होडी मिळाली यातच सर्व्हेवाले खूश होते. तिथीचा रकाना त्यांच्या फॉर्मात नव्हता, माझ्या डोक्यातही नव्हता.

ताईंनी ड्रॉइंग उघडून पुलाचा तळ, म्हणजे पाण्यावर येणारी खालची बाजू, दाखवला. गोटीरामने त्या रेघेवर बोट ठेवलं.

"मंग उधानाला माझी होडी खालून जानार नाय?"

"नाही जाणार," ताई म्हणाल्या.

"मंग दर्यावर जायाचं कुठनं?"

वाट ती एकच होती.

"पुनवेला आम्हांला मोजायला न्याल? तुमची त्या दिवसाची मासळी बुडेल," मी म्हणालो.

"बुडू दे येक दिस," तो म्हणाला.

पुनवेच्या भर दुपारी माझ्या खांबाच्या जागी पाणी माझ्या आकड्यापेक्षा सव्वा मीटर वर होतं. मी निमूट लिहून घेतलं. आता पुलाचा तळ सव्वा मीटर उचलायचा, एवढंच माझ्या डोक्यात.

"झालं?" गोटीरामने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

तो होडीत उभा राहिला, वल्हं बगलेत धरून हात सरळ वर केला. "पान्याचं झालं. मी उभा राहून होडी हाकतो, वाकून नाय. आता हितवर मोज."

मी टेप घेऊन उठलो.