मोरी म्हणजे मोरी नव्हे!

ठरलं ते टोकावड्यात, माळशेजच्या रस्त्यावरच्या एका धाब्यावर. माझा मेहुणा शांताराम काळू नदीतून मासे धरून आला होता. भात झोडून घरात आलं की थंडीत त्याला दुसरा उद्योग नसतो. चार ओळखीची माणसं चहा पीत बसली होती, त्यातल्या एकाने खोडी काढली.

"शांताराम, नदीतलं मासं कोनीबी धरंल. समुद्रात जाऊन दाखव."

"जातो ना! मला काय समुद्र खातोय? आनि येताना असा मासा आनतो, तुमी समदी जेवून उठाल तरी डोकं उरंल."

"एकटाच जाशील?"

"एकटा कशाला? दाजी हायेत ना."

दाजी म्हणजे मी. शांतारामची थोरली बहीण मंदा माझी बायको. वाशिंदच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो, आता निवृत्त, शहापुरात राहतो. चहाचा कप तोंडाशी होता म्हणून नाही म्हणायचं राहून गेलं, असं मी घरी सांगितलं. खरं असं की मला जायचंच होतं.

समुद्र मी प्रथम शाळेच्या पुस्तकात पाहिला. दुपारच्या तासाला गुरुजी कविता म्हणायला लावायचे आणि सगळा वर्ग डुलायचा. पुस्तकातला समुद्र गर्जायचा, हसायचा, रागवायचा. खिडकीतून आम्हाला दिसायचा तो सह्याद्री. त्यामुळे लाट म्हणजे डोंगरासारखी एकामागे एक उभी असलेली काहीतरी वस्तू, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. पुढे मुलांना घेऊन चौपाटीवर भेळ खाल्ली, घोट्याइतक्या पाण्यात उभा राहिलो. पण समुद्राला भेटलो असं कधी वाटलं नाही.

मुलाने मोबाइलवर शोधून दिलं: मालवणच्या बाजूला कयाकमधून मासेमारीला नेतात. कयाक म्हणजे प्लॅस्टिकची लांबट, बुटकी, वल्ह्याची होडी. दोन माणसं पाय पसरून एकामागे एक बसतात आणि पाणी मांडीच्या वीतभर खाली असतं. मंदाने सगळं ऐकून घेतलं आणि भाकऱ्या बांधताना एवढंच म्हणाली, "मला एकच भाऊ आहे. नेताय तसा परत आणा."

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागातून सोपं म्हणजे आसनगावहून पहाटेची लोकल धरून ठाण्याला जावं आणि तिथून कोकणातली सकाळची गाडी पकडून कुडाळला उतरावं. आरक्षण फार आधी करा, डिसेंबर-जानेवारीत जागा मिळत नाही. समुद्र गाडीतून दिसेल या आशेने मी खिडकी धरली होती. दिसले ते बोगदे, काजूच्या बागा आणि मधूनमधून खाडीचं रुंद, सुस्त पाणी. प्रत्येक खाडीवर शांताराम विचारायचा, "ह्योच का?" आणि मी म्हणायचो, "अजून नाही." कुडाळहून मालवणला एसटी मिळते. पुढे रिक्षा, तिचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे अजून शांतता आहे, ती राहू द्यावी.

राहिलो एका घरगुती खानावळीत. माडाच्या झावळ्यांखाली दोन खोल्या, जेवण घरच्यांसोबत. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. दोघांचं राहणं-खाणं आमच्यासारख्या पेन्शनवाल्याला जमेल असंच होतं. शांतारामने सोलकढी आधी संशयाने हुंगली, मग तीनदा मागून घेतली.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. शांताराम गुडघाभर पाण्यात उतरला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "दाजी, एवढं पानी आनि गुरांना पाजायच्या कामाचं नाय!" मी हसलो नाही. माझ्या मनात शाळेतल्या ओळींची दाटी झाली होती, आणि त्यातली एकही या समोरच्या पाण्यावर बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. आमचा वाटाड्या बाबी, चाळिशीतला, दणकट आणि अखंड बोलणारा. स्वतःची तारीफ स्वतःच करायचा, म्हणजे दुसऱ्याला तसदी नको. त्याची एकट्याची कयाक वेगळी. तिच्या मागच्या बाजूला बर्फाची पेटी बांधलेली.

"मासो गावलो की माका हाक मारा," त्याने बजावलं. "मी येवन पेटयेत टाकतंय."

शांतारामने मान हलवली आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "बर्फातला मासा म्हंजे बाजारातला मासा. आपुन जिता नेऊ."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गळ टाकतात. धरलेला मासा कल्ल्यातून दोरी ओवून पाण्यातच सोडतात आणि दोरीचं दुसरं टोक कमरेला बांधतात. गाठ पाठीवर, म्हणजे हात मोकळे राहतात आणि मासे प्रवाहाबरोबर मागे तरंगतात. घरी जाईपर्यंत मासा जिवंत. काळू नदीवर यापेक्षा शहाणपणाची गोष्ट नाही. शांतारामने तशीच सुती दोरी चड्डीवरून बांधली आणि वरून नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं. तो पुढे, मी मागे. बाबीने पाहिलं नाही, आणि मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

वल्हवणं वाटलं तेवढं अवघड नाही. हातापेक्षा पाठ दुखते. पायात ओले चालतील असे बूट घाला, टोपीला नाडी लावा. लाटा फुटतात तो पट्टा ओलांडला की पुढे पाणी केवळ श्वास घेतं. वर, खाली. किनाऱ्यावरचे माड बोटाएवढे झाले. एका बुडालेल्या खडकापाशी बाबीने थांबायला सांगितलं आणि तो जरा पुढे जाऊन स्वतःचा गळ टाकून बसला.

कोळंबीचं आमिष लावलं, आणि शांतारामच्या हाताला यश आलं. आधी एक तांबोशी आली, लालगुलाबी, नव्या लुगड्यासारखी. मग दुसरी, तिच्याहून मोठी. ती वर काढताना त्याने मारलेली आरोळी टोकावड्याला ऐकू गेली असती. दोन्ही दोरीत ओवल्या आणि पाण्यात सोडल्या. पाठीवरची गाठ माझ्या डोळ्यांसमोर, आणि दोरी माझ्या मांडीजवळून पाण्यात उतरलेली. तांबोशांच्या कल्ल्यांतून बारीक लाल धूर निघत होता.

"दाजी, आता बोलू द्या धाब्यावाल्यांना," शांताराम म्हणाला. "मोठीचं डोकं एका ताटात मावायचं नाय."

तेवढ्यात बाबी ओरडला. "मोरी! मोरी!"

आमच्याकडे मोरी म्हणजे घरातली आंघोळीची, भांडी घासायची जागा. म्हातारी माणसं रात्री 'मोरीत जाऊन येतो' म्हणतात ती तीच.

"मोरी?" शांताराम माझ्याकडे वळून म्हणाला. "याला हितं मोरी कुठं दिसली?"

मला वाटलं, बिचाऱ्याला लागली असेल. मी हात उंचावून मोठ्याने सांगितलं, "जाऊन या सावकाश! आम्ही थांबतो!"

बाबी क्षणभर आमच्याकडे बघतच राहिला. मग जिवाच्या आकांताने वल्हवत आमच्याकडे यायला लागला.

माझ्या डाव्या बाजूला पाण्याखाली ढगाची सावली सरकली. मी वर पाहिलं. आभाळात ढग नव्हता.

सावली वळली, वर आली आणि तिला अंग फुटलं. ओल्या फडक्याने नुकतीच पुसलेली पाटी असते ना, तो रंग. कयाकच्या टोकापाशी तिचं तोंड दिसलं आणि माझ्यापर्यंत ती संपेचना. पाठीवरचं त्रिकोणी पातं पाणी कापत होतं आणि त्याचा आवाज नव्हता. तिने शेपटी एकदाच हलवली, तीही आळसावून. तेवढ्याने ती आमच्याभोवती अर्धं वर्तुळ फिरली. शार्क. चित्रात पाहिलेला, टीव्हीवर पाहिलेला, आणि आता हात लांब केला तर लागेल एवढ्यावर.

मी घाबरलो असं लिहायला हवं. पण आधी भीती आली नाही. देवळात गाभाऱ्याचा पडदा अचानक सरकावा तसं झालं. साऱ्या कवितांत समुद्र गर्जत होता. त्याचा मालक असा मुका असतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

"कमरेची दोरी!" बाबी ओरडत होता. त्याला आता दोरी दिसली होती. "दोरी सोडा! दोरी!"

शांतारामचा हात पाठीमागे गेला. जॅकेटमुळे गाठीपर्यंत पोहोचेना. "दाजी," तो म्हणाला. आवाज असा की माझ्या लग्नात मी त्याला लहान मुलगा म्हणून पाहिलं होतं ते आठवलं. "दाजी, गाठ."

मी जॅकेट वर सारून गाठ धरली. ओली सुती दोरी, आवळून दगड झालेली. नखं लागेनात. शांताराम मासे वर ओढायला लागला.

"वर ओढू नकात!" बाबी किंचाळला. "ती त्यांच्या मागसून वर येतली!"

शांताराम थांबला. दोरी सैल झाली, आणि त्याच क्षणी ताणली गेली.

कयाक डावीकडे झुकली. शांताराम कमरेतून वाकला, त्याचा खांदा पाण्याला टेकला. दोन्ही हातांनी त्याने काठ धरला होता. मी उजवीकडे अंग टाकलं आणि त्याच्या कमरेची दोरी मुठीत घेऊन मागे खेचली. त्या मुठीत मला तिची ताकद कळली. हिसका नव्हता तो. भरलेल्या बैलगाडीचं चाक उताराला लागावं, तसा शांत, निश्चिंत ओढा. शांतारामच्या तोंडापासून हातभर अंतरावर तिचं डोकं वर आलं. डोळा बारीक, गोल, पापणी न हलणारा. त्यात राग नव्हता, आणि आम्ही दोघं त्यात कुठेच नव्हतो.

मग खालच्या मोठ्या तांबोशीचा कल्ला फाटला. मासा तिच्याकडे, दोरी आमच्याकडे. कयाक परत सरळ झाली आणि पोटऱ्यांवर पाणी सांडलं.

दुसरी तांबोशी अजून दोरीत होती. पातं थोड्या अंतरावर जाऊन पुन्हा वळलं. बाबी चाकू काढून पोहोचतच होता. शांतारामने वाट पाहिली नाही. त्याने उरलेला मासा जवळ घेतला आणि कल्ल्यातून दोरी काढली. तो मासा त्याला मांडीवर ठेवता आला असता, आणि मला वाटलं ठेवेलच. टोकावड्याचा अख्खा धाबा त्या माशावर जेवायचा होता. त्याने मासा दोन्ही हातांवर आडवा घेतला, जसं पाहुण्याला ताट देतात, आणि पाण्यात सोडला.

"घे बाय. तुजाच होता."

ती आली. पाणी जरा फुगलं, मिटलं. खाली खाली जाणारी एक करडी रेघ दिसली, मग निळा रंग, आणि मग नुसतं पाणी.

बाबीने गाठ कापली. चाकू पुसून जागेवर ठेवला. 

"मुशीक आमी मोरी म्हणतो," शेवटी तो म्हणाला. "इतकी वर्सां दर्यात जातंय, पण इतक्या जवळसून मी पण बघूक नव्हती." मग माझ्याकडे बघून, "आणि तुमी माका सांगतास, जावन या सावकाश?"

शांताराम हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. मुशी! आमच्या शहापूरच्या बाजारात सुक्या मासळीच्या ढिगात तिच्या खारवलेल्या पट्ट्या मिळतात. इतकी वर्षं मी ती मसाल्यात परतून खाल्ली, आणि ती म्हणजेच शार्क, हे दोन शब्द डोक्यात कधी शेजारी बसले नव्हते.

जाणाऱ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: धरलेला मासा पाण्यात लोंबत ठेवू नका, आणि दोरी अंगाला तर बांधूच नका. वाटाड्याची पेटी त्यासाठीच असते. चाकू स्वतःजवळ ठेवा. बाबी म्हणतो, असं रोज होत नाही, वर्षानुवर्षं माणसं जातात आणि पातंसुद्धा दिसत नाही. हे ऐकून तुम्हाला हायसं वाटेल की वाईट, ते तुमचं तुम्ही बघा.

परतीच्या गाडीत शांताराम सगळा वेळ खिडकीशी होता. खाड्या आल्या, गेल्या. त्याने एकदाही काही विचारलं नाही.

मंदाला आम्ही बेताबेताने सांगितलं. तिने भावाच्या कमरेवरचा दोरीचा वळ पाहिला, हळद लावली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोरीत पाणी तुंबलंय, बघा जरा," आणि माझ्या हातांवर सरसरून काटा आला. मी उठलो, बोळा काढला, आणि गढूळ पाणी भोवऱ्यात जाताना पाहत उभा राहिलो. तिने हाक मारेपर्यंत.

आठवड्याने टोकावड्याला गेलो. धाब्यावर तीच मंडळी. शांताराम बसायच्या आधीच सुरुवात झाली.

"काय रे, मासा कुठाय? आमी हात धुवून बसलोय!"

"दिला," शांताराम म्हणाला.

"कोनाला दिला?"

"मुशीला."

हशा पिकला. कुणी म्हणालं, नदीतला कोळी समुद्रात गेला आनि मासा वाटून आला. कुणी विचारलं, "केवढी होती रं मुशी? सांग की. हात करून दाखव."

शांतारामने दोन्ही हात पसरले. थांबला. आणखी पसरले, आपल्या हातांकडे पाहिलं आणि खाली घेतले. बोटाएवढा मासा हातभर करून सांगणारा माणूस, पण त्याला जमलं नाही.

"दाजी, तुमी सांगा," तो म्हणाला. "तुमाला कवितेतलं येतं."

सगळे माझ्याकडे वळले. मी शोधलं, खरंच शोधलं. चौथीच्या पुस्तकापासून आजपर्यंत पाठ केलेलं सगळं चाळून पाहिलं. शेवटी म्हणालो,

"मोठी होती."

"बस्स? एवढंच?"

ते पुन्हा हसले. शांताराम मात्र हसला नाही. त्याने हळूच मान हलवली, जणू मी फार नेमकं काही सांगितलं होतं, आणि म्हणाला, "हां. तेवढीच होती."