थांबवायचं बटण

करुणा खिल्लारे चिडकी होती. हिंगोलीतल्या त्या कॉलेजात कुणालाही विचारा, हेच सांगेल. लॅबचा शिपाई धर्मसिंग तर म्हणायचा, "मॅडम जिन्यात असतानाच कळतं आज कुणाचं काय खरं न्हाई." पण ती कशावर चिडते, हे कुणी विचारलं न्हाई. लोकाला राग दिसतो, कारण बघायची फुरसत कुठं असते?

पोरगी वसमतकडच्या हट्टा गावची. बाप किशनराव गावात नळाचं पाणी सोडायचे, आई रुक्माबाई मजुरीला जायची. नांदेडला राहून ती कॉम्प्युटरचं शिकली आणि हिंगोलीला तासिकेवर मास्तरीण झाली. तासिकेवर म्हणजे वर्षभर शिकवायचं आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतात का, याची वाट बघत बसायचं. त्यात विभागप्रमुख दमकोंडवार सर. सफारी, गॉगल, आणि कॉम्प्युटरला हात लावायचा म्हटलं की मान दुखायची.

आता तिनं काय केलं ते ऐका. प्रोग्राम चुकला की तो नेमका कुठं चुकला, हे बघायला डीबगर लागतो. चालता प्रोग्राम मधेच थांबवायचा, त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायचं, पुन्हा चालू करायचा. सगळं काळ्या पडद्यावर, हुकूम टाइप करून. तयार डीबगर लॅबमध्ये होता, पण त्याचं इंग्रजी बघूनच जिल्ह्यातल्या गोरेगाव, जवळा बाजारकडची पोरं घाबरून जायची. करुणानं दोन सुट्ट्या घालून स्वतःचा लिहिला. त्यात कंट्रोल आणि सी ही दोन बटणं सोबत दाबली की चालता प्रोग्राम थांबायचा आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत पण आपल्या बोलीत उमटायचं, 'थांबलो', आणि पुढं ओळीचा नंबर. पोरांनी त्याचं नाव थांब्या ठेवलं. त्यांची भीड गेली. चूक मास्तरनं दाखवायची न्हाई, आपण पकडायची, हे त्यांना तिथं कळलं.

पण हिंगोलीची वीज ती हिंगोलीची वीज. लोडशेडिंगचा काळ तो, कधी जाईल भरवसा न्हाई. वीज गेली की कोपऱ्यातला यूपीएस किंचाळायला लागायचा, आणि बॅटऱ्या इतक्या म्हाताऱ्या की त्या किती दम धरतील हे त्यांनाही ठाऊक नसावं. तेवढ्यात प्रोग्राम थांबवून काम सेव्ह करायचं. म्हणून पोरांना सवयच लागलेली. यूपीएस ओरडला की अख्खी लॅब कंट्रोल-सी, कंट्रोल-सी, कंट्रोल-सी, आणि वरून एंटरवर एंटर. एकदा दाबून गप बसायची उसंत असलेली माणसं वेगळी.

आणि इथंच थांब्या आडवा पडला. एकदा दाबलं की शहाण्यासारखा थांबायचा. धडाधड दाबलं की लटकायचा. वर पडदा मुका व्हायचा, म्हणजे टाइप करा तरी अक्षर दिसायचं न्हाई. तोवर यूपीएस मरायचा आणि तासाभराचं काम पाण्यात. नीलम नावाची एक पोरगी होती, गोरेगावकडच्या तांड्यावरची, जीप बदलत बदलत यायची. तिचं काम लागोपाठ दोनदा गेलं तेव्हा ती वही आवरून बाहेर गेली. करुणाला ते फार लागलं.

दमकोंडवार सरांना मात्र दुसरंच लागलं. विद्यापीठाची समिती लॅब बघायला येणार होती. त्यांनी दारावर कागद चिकटवला, 'कंट्रोल-सी दाबण्यास सक्त मनाई.' वर सगळ्यांसमोर म्हणाले, "खेड्यातली पोरं, बोटांना वळण न्हाई. मशीन काय करील?"

करुणाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "सर, चूक माझ्या प्रोग्रामची आहे. पोरांची न्हाई."

"मग तर झालंच," सर म्हणाले. "न दाबता चालतंय ना?"

"थांबवायलाच तर तो केलाय."

"मॅडम, समिती जाईस्तोवर वाद नको."

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये आली तर सगळ्या कीबोर्डांची कंट्रोलची बटणं गायब. धर्मसिंग स्क्रूड्रायव्हर घेऊन शेवटच्या कीबोर्डावर वाकलेला, आणि बाजूला पेढ्याच्या रिकाम्या बॉक्सात उपटलेली बटणं, दात काढल्यागत.

"काहून रे?" तिचा आवाज इतका खाली गेला की धर्मसिंग घाबरला.

"साहेबानं सांगितलं मॅडम. मी काय करू?"

त्याच्यावर चिडून उपयोग न्हवता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सरांची रीत, तिची न्हाई. पण त्या दिवशी तिला सरांचा जितका राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. थांब्या तिनं नांदेडला मैत्रिणीच्या घरी तपासला होता. तिथं वीज जात न्हवती. खुर्चीत बसून, चहा पीत, एकदा दाबायचं आणि बघायचं. आपल्याच पोरांची सवय आपण विसरलो, हट्ट्याची असून विसरलो, याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की ती अजून चिडायची.

रविवारी ती घरी गेली आणि सकाळीच कागद पसरून बसली. तर हाका सुरू. रुक्माबाईची, शेजारच्या शालूबाईची, दळणाची, पाण्याची. करुणा उठली न्हाई. हाक आली तशी तिनं ओढणीच्या टोकाला आठवणीची गाठ मारली आणि हातातलं वाक्य पुरं केलं. ही तिची लहानपणापासूनची खोड, आईच्या पदरावरून उचललेली. शालूबाईनं चौथ्यांदा तीच हाक मारली तेव्हा ती खेकसली, "मावशी, गाठ मारलीय. दहा वेळा बोंबललात तरी गाठ एकच राहणार."

आणि बोलता बोलताच ती थांबली. तिचा थांब्या नेमकं उलटं करत होता. कंट्रोल-सी दाबलं की मशीनच्या आत सिग्नल सुटतो, आणि त्याला वेळकाळ न्हाई, भलत्याच क्षणी येतो. थांब्या हातातलं सोडून धावायचा, ओळ शोधायचा, कुठं कुठं थांबायचं त्याची यादी बदलायचा, पडदा ताब्यात घ्यायचा. ते अर्धवट असतानाच दुसरा सिग्नल, तिसरा. पुन्हा तीच यादी, पुन्हा तोच पडदा, आणि सगळा गुंता. उपाय गाठीचाच. सिग्नल आला की काहीच करायचं न्हाई. नुसती खूण ठेवायची. हातातलं काम नीट संपवायचं, मग खूण बघून थांबायचं. आणि मधल्या वेळात साचलेले एंटर आधी फेकून द्यायचे, त्यांना हुकूम समजायचं न्हाई. संध्याकाळपर्यंत तिनं सगळं नव्यानं मांडलं. दळण राहिलं ते राहिलंच, आणि त्यावरून रुक्माबाईचे बोल खाल्ले.

सोमवारी लॅबमध्ये नवा थांब्या सगळ्या मशीनवर चढवून, एका कीबोर्डावर बटणं बसवून तिनं नीलमला सांगितलं, "बडव." नीलमनं मन लावून बडवलं. 'थांबलो.' पडदा बोलका. पुन्हा बडवलं. पुन्हा तेच.

करुणा सरांकडं गेली. "दुरुस्त झालंय. बटणं परत बसवा."

"समिती गेल्यावर बघू. दोन हुशार पोरं बसवू, ती नुसतं चालवून दाखवतील. बाकीच्यांना सुट्टी."

म्हणजे ज्यांच्यासाठी केलं तीच पोरं बाहेर. समितीच्या सकाळी लॅबची किल्ली तिच्याकडं होती, आणि ती दारात पाठ टेकून उभी राहिली. आजूबाजूला सगळी पोरं.

"बटणं आल्याशिवाय कुलूप निघणार न्हाई," ती म्हणाली.

दमकोंडवार सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी आवाज बारीक केला. "करुणा मॅडम, जूनला तुमचं नाव घालायचं का न्हाई, हे माझ्या हातात आहे."

"घालू नका. बटणं घाला."

धर्मसिंगनं कुणाची वाट न बघता पेढ्याचा बॉक्स आणला, करुणानं कुलूप काढलं आणि बटणं जाग्यावर बसली.

समिती आली, आणि लोडशेडिंगही आलं. यूपीएस किंचाळला. अख्ख्या लॅबची बोटं एकदम पडली, नेहमीसारखी, बेभान. समितीतले एक म्हातारे सर नीलमच्या मागं होते. "काय झालं बाळ? बिघडलं का?"

"न्हाई सर, थांबवलंय," नीलम म्हणाली. तिनं सेव्ह केलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "इथं चुकलं होतं. ही ओळ."

म्हातारे सर चष्मा वर करून बघत राहिले. "हे कुणी केलं?"

"आमच्या विभागानं," दमकोंडवार सर पुढं सरले.

"विभागानं न्हाई, मी केलं," करुणा दारातून म्हणाली. "आणि आज सकाळपर्यंत ही बटणं उपटून ठेवली होती, ती का, तेही यांनाच विचारा."

समितीनं लॅबला चांगला शेरा दिला. जूनमध्ये करुणाला बोलावणं आलं न्हाई. रुक्माबाई म्हणाली, "जरा तोंड आवरलं असतं तर?" करुणा म्हणाली, "आवरलं असतं तर थांबवायचं बटण पोरांच्या हातातून गेलं असतं." तिनं वसमतला शिकवण्या धरल्या. राग मात्र गेला न्हाई. काहून जाईल?

जुलैमध्ये एका दुपारी ती कॉलेजात गेली. लॅब भरलेली होती, नवी पोरं, ओळखीचं कुणी न्हाई. ती एकेका मशीनजवळ थांबत, खाली वाकून बघत पुढं चालली होती. दमकोंडवार सर दारात आले. "तुमचं इथं आता काय काम आहे?"

"काही न्हाई," ती म्हणाली. "बटणं जाग्यावर आहेत का, बघायला आले."

आणि त्यांच्या समोर तिनं शेवटच्या कीबोर्डापर्यंत बघितलं, मगच वसमतची जीप धरली.