नवरदेवाचा पाट आणि अडून बसलेली मोटर

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले त्या दिवशी नवरीचा पाट कोरून झाला होता आणि नवरदेवाचा राहिला होता.

अण्णा बारामतीत एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पारावर बसतात. अण्णांनी आमच्या गावी, अंथुर्ण्याला, घरामागच्या शेडमध्ये सीएनसी मशीन बांधलं. लोखंडी अँगल, भंगारातले दांडे, ऑनलाइन मागवलेल्या मोटरी आणि माझा टाकून दिलेला कॉम्प्युटर. कॉम्प्युटरनं हुकूम द्यायचा, मोटरीनं आट्यांचा लांब दांडा फिरवायचा, दांड्यावरून कटर सरकायचा आणि लाकडावर कमळ उमटायचं. माझ्या धाकट्या बहिणीचं, मनूचं, लग्न ठरल्याबरोबर त्यांनी सागवानी पाट काढून ठेवले होते.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मनूनं वर्षाच्या आतलं मान्य केलं, पण एका अटीवर.

"दोघंही अण्णांच्या मशीनवर कोरलेल्या पाटांवर उभे राहणार. नाहीतर मी बोहल्यावर चढणार नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. यंत्रशास्त्राची पुस्तकं कोणत्या कपाटात असतात, एवढंच मला यंत्रांबद्दल ठाऊक!

तरी मी माहितीपुस्तक वाचून काढलं, सागवानी पाट मशीनवर घट्ट बसवला आणि बटण दाबलं. पहिल्या पाकळ्या झकास उतरल्या. मग मोटर 'घर्रर्र' अशी कण्हली आणि जागच्या जागी थरथरत उभी राहिली. कॉम्प्युटरला मात्र याचा पत्ताच नव्हता. तो खुशाल पुढचे हुकूम सोडत होता. (आमच्या प्राचार्यांची आठवण झाली.) मोटरीला पुन्हा शुद्ध आली तेव्हा कटर बोटभर मागे राहिला होता, आणि त्यानं पुढची पाकळी आधीच्या पाकळीच्या पोटातून कोरायला घेतली! मी ओरडून प्लग उपटला.

ओरडणं ऐकून तात्या आले. तात्या म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. ऊस लावतात. आमच्या भागात मोटर म्हणजे विहिरीवरची, आणि तिच्यातलं तात्यांना सगळं कळतं. त्यामुळे जगातल्या कोणत्याही मोटरीतलं त्यांना सगळं कळतं.

"मोटर बसली," ते लांबूनच म्हणाले. "रिवाइंडिंगला टाक."

"तात्या, ही तसली नाही. ही स्टेपर मोटर आहे. एकेक पाऊल टाकत फिरते."

"पावलं टाकती? मंग दमली आसंल." त्यांनी हात लावला आणि झटक्यात काढला. "आरं, तापलीया! जळंल की!"

"तापतेच ती. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकाला चटका बसतुय व्हय?"

असं म्हणत तात्यांनी गोणी भिजवून मोटरीवर टाकली. विजेवर चालणाऱ्या यंत्रावर ओली गोणी! मी ती ओढून काढली. त्यांनी पुन्हा टाकली. मी पुन्हा ओढली. हळद आठवड्यावर आली होती आणि घरातले दोन कर्ते पुरुष एका गोणीसाठी झोंबत होते.

तात्या पाय आपटत गेले. मी इंटरनेटकडे वळलो. तिथे एकानं लिहिलं होतं, करंट वाढवा. दुसऱ्यानं लिहिलं होतं, करंट वाढवलात तर पस्तावाल. तिसरा त्या दोघांना अडाणी म्हणत होता. चौथ्यानं विचारलं होतं, हे मशीन केवढ्याला पडलं? मला संताप आला. माझ्या वाचनालयात असं कुणी बोललं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं! शेवटी मोटरीचा करंट ठरवणारा तो मुगाएवढा स्क्रू मी श्वास रोखून फिरवला. मोटर घर्रर्र करायची थांबली. आता ती नुसती गुणगुणायला लागली. फिरण्याचं नाव नाही! घाबरून मी स्क्रू होता तिथे आणून ठेवला.

चहा पिऊन शेडमध्ये परतलो तर तात्या पुन्हा हजर. हाताला कोपरापर्यंत ग्रीस.

"ट्रॅक्टरचं हाय," ते प्रेमानं म्हणाले. "समद्या दांड्यांना चोपडलंय. आता बघ, लोण्यावानी पळंल."

मशीन चालू केलं. लाकडाचा भुसा उडाला आणि बरोब्बर ग्रीसमध्ये जाऊन बसला. थोड्याच वेळात दांड्यांवर पुरणासारखा लगदा तयार झाला. मोटर त्या पुरणात रुतून बसली.

"तात्या!" मी आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्या माणसावर आवाज चढवला. "लग्न कुणाच्या घरचं आहे?"

"आमच्या पुतणीचं हाय! तुज्या पुस्तकाच्या भरवशावर ऱ्हायलो तर पोरगी तीन वर्सं घरात बसंल!"

हे नेमकं मनूनं ऐकलं. ती दारातच उभी होती, हातात डिझेलमध्ये भिजवलेला चिंधीचा बोळा घेऊन. तिनं सगळे दांडे पुसून काढले. मग प्लग काढला आणि मुख्य दांडा हातानं फिरवायचा प्रयत्न केला. तो हलेना. तिनं दोन्ही हात लावले. तरी हलेना.

"दादा, हे तुझ्या हातानं तरी फिरतंय का?"

मी जोर लावला. तात्यांनी लावला. दांडा ढिम्म! त्याच्यावरून सरकणाऱ्या कटरच्या चौकटीचे नट इतके आवळलेले होते, की ती थोडी सरकली की अडकायची, आणि ते सैल करायला तात्यांना पाना लावून त्यावर लोंबकळावं लागलं.

"एवढं कुणी आवळलं?" मी ओरडलो. "अण्णा असं कधी करायचे नाहीत!"

आई दळणाचा डबा घेऊन मागच्या दारानं चालली होती. ती थांबली.

"पाव्हण्यांनी," ती म्हणाली.

"कुठल्या पाहुण्यांनी?"

"भेटायला आलेल्या. वडगावचे पाव्हणे आलते, त्यांनी आवळलं. तुज्या मामानं आवळलं. आण्णांचे जुने दोस्त तर घरनं पाना घिऊन आलते."

"अगं, पण का?"

"का म्हंजी? माणूस गेल्यालं घर. काय बोलायचं? बायका गळ्यात पडून रडत्यात. तुमा गड्यांना कुठं ते येतंय? शेडात जायचे, ह्ये जरा ढिलं हाय म्हनायचे, आवळायचे, डोळं पुसायचे, च्या पिऊन जायचे."

माझ्या रागाला काही सीमा राहिली नाही. बारामती आणि इंदापूर, दोन तालुक्यांनी मिळून माझ्या वडिलांचं मशीन जाम केलं होतं! सांत्वनाला आलात तर सांत्वन करा! खांद्यावर हात ठेवा, 'वाईट झालं' म्हणा, फार तर हवापाण्यावर बोला. पाना कशाला? मी हे सगळं मोठ्यानं बोललो. मग माझं लक्ष गेलं, तात्या शेडच्या पत्र्याकडे टक लावून पाहत होते.

"तात्या? तुम्ही पण?"

"येकदाच," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "दहाव्याला. आन तेराव्याला."

"आणि दादा, तू?" मनूनं विचारलं.

मी चष्मा पुसायला घेतला. (रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर. अगदी थोडंसं. फार तर पाव आटा!)

दांडा बोटांनी फिरायला लागेपर्यंत आम्ही सगळे नट सैल केले. प्लग लावला. मोटर न कण्हता चालली आणि उरलेलं कमळ जागच्या जागी उतरलं. आईनं डबा खाली ठेवला आणि मशीन थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

ती पोटात शिरलेली पाकळी मात्र तशीच राहिली. मांडवात नवरदेवाकडच्या, भिगवणच्या एका पाहुण्या बाईंनी वाकून पाहिलं. "अगं बाई, कमळ वाऱ्यानं हलल्यागत दिसतंय! कुणाचं डिझाइन?"

"आमच्या ग्रंथपालाचं," तात्या म्हणाले. "लई वाचतंय त्ये."

पाट मनूबरोबर तिच्या सासरी, भिगवणला गेले. मशीन शेडमध्ये आहे आणि चालतं. सगळे पाने आईच्या कपाटात, कुलपात आहेत. अण्णांची आठवण काढत कुणी आलं, की आता ओसरीवर समोरासमोर बसून बोलावं लागतं. पाहुण्यांना ते हळूहळू जमायला लागलंय. मला अजून जमत नाही.