चुलीमागचा डबा

ती केस आठवली की आजही आधी हसू येतं, मग डोळे भरतात. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो, एवढं पुरे.

ऊसतोडणी संपत आली होती. एक मराठी म्हातारबुवा ठाण्यात आले. म्हणाले, "साहेब, उसातल्या आमच्या जुन्या घराच्या जागेवर दरवर्षी याच दिवसांत कुणीतरी येतं. डबा काढतं, काही ठेवतं, काही नेतं. लांबून ओळखू येत नाही, पण गांजाच असणार!" ते घर वादळात गेलं होतं. उरलं होतं जोतं आणि चुलीचे दगड. कुटुंब मोका गावी राहायला गेलेलं.

गांजाची खबर म्हटल्यावर नोंद करावीच लागते. डायरीत लिहिलं आणि सार्जंटला घेऊन उसात दबा धरून बसलो. मुंग्यांना वर्दीचा मान ठेवायची अक्कल नसते, हे तेव्हा नीट कळलं. दुपारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ आला. त्याने चुलीमागचा दगड सरकवून बिस्किटांचा डबा काढला. आम्ही झडप घातली, तर पळायचं सोडून तो डबा छातीशी धरून उभा!

डब्यात लाल पूड, पिवळी पूड आणि पांढरे खडे. सार्जंट रॉड्रिग्स बेटावरून नुकताच बदलून आलेला, ख्रिस्ती. खडा हुंगून म्हणाला, "शेफ," आमच्याकडे वरिष्ठाला असंच म्हणतात, "हे भलतंच कडक दिसतंय!"

ठाण्यात जबाब घ्यायला बसवलं. गृहस्थ सरकारी कचेरीत कारकून निघाला.

"डबा कुणासाठी?"

तो डब्यावरची नजर काढेना.

"गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय साहेब. घरी बायको आहे, पोरं आहेत. पण नाव विचारू नका."

माझा स्वभाव तापट. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही. शेवटी वैतागून मुद्देमाल पाकिटात भरायला घेतला. कुंकू, हळद, कापूर. खाली सुपारी, अक्षता, फुलवाती. आणि त्याच्या खिशात नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या. अरे देवा! त्या दिवशी भाऊबीज होती. माझ्या बहिणीने सकाळीच मला ओवाळलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"बहीण आहे का हो तुम्हाला?" मी हळूच विचारलं. त्याने मान खाली घातली आणि टेबलावर टपटप पाणी पडायला लागलं.

खबर देणाऱ्या म्हातारबुवांना बोलावून घेतलं. त्याला बघताच ते ओरडले, "अरे, हा तर माझा पुतण्या!" मग सगळं बाहेर आलं. याच्या बहिणीने प्लेन मान्येन गावच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. बापाने रागाच्या भरात याला चुलीपुढे बसवून नारळावर हात ठेवायला लावला. तिचं तोंड बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. बाप वारला, शपथ राहिली. नाव सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर नोकरी जाते. काय करील बिचारा?

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीलाच आणवलं. ती धीटपणे बोलली. "चुलीमागे आम्ही लहानपणी पेरू लपवायचो, साहेब. डब्याबद्दल बाबा काही बोलले नव्हते ना! दर भाऊबीजेला मी ओवाळणीचं सामान ठेवते, तो बांगड्या ठेवतो. कधी सैल झाल्या नाहीत की घट्ट झाल्या नाहीत."

हे सगळं चालू असताना भाऊ भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून बसला होता. 'खबर निराधार' असा शेरा मारून मी त्याला सोडलं, तरी तो वळेना. मला राहवेना. म्हातारबुवांना म्हणालो, "बुवा, आता घराण्यात थोरले तुम्ही. तुम्हीच सोडवा हे."

"नारळ आणा," ते म्हणाले.

आम्ही सगळे त्या जोत्यावर गेलो. भावाला हाताला धरूनच न्यावं लागलं. बुवांनी चुलीपुढे नारळ ठेवला आणि आमच्या पणज्यांनी कोकणातून जहाजावर आणलेल्या त्या चालीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! माझ्या भावानं रागात बांधलेलं आज मी सोडतोय. काय चुकलं असेल तर माझ्या माथी घाल, पण ह्या लेकरांना एक कर!"

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी साथ द्यायची असते. जमलेले होतो मी आणि सार्जंट. "व्हय महाराजा!" मी ओरडलो. सार्जंट टोपी काढून माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला.

भावाने डोळे उघडले. बहिणीच्या तोंडून आधी क्रेओलच निघालं, "आयो, तो फिन मेग!" किती रोडावलास रे! आणि ती रडायलाच लागली. मग त्याने तिचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. दुसरं काही बोलताच येईना त्याला, नुसतं नावच घेत राहिला. मी आणि सार्जंट उसाकडे बघत उभे राहिलो.

त्यानंतर नोकरीत कुणी तोंड मिटून बसलं की आवाज चढवण्याआधी मी चहा मागवायचो आणि घरच्यांची चौकशी करायचो. गप्प माणूस लपवाछपवीच करत असतो असं नाही, कधी तो कुणाला दिलेला शब्द पोटाशी धरून बसलेला असतो. आणि त्यातून त्याला सोडवणारं माणूस बऱ्याचदा त्याच्याच घरचं असतं. फक्त त्या घरच्या माणसाला कुणीतरी विचारावं लागतं.