आधी डोकं, मग तेल

शेलूबाजारच्या म्हाताऱ्या सरवरीचा तेलाचा घाणा होता. गिऱ्हाइकाचं डोकं हुंगल्याबिगर ती तेल देत नसे. केस कोरडे असले तर तीळ, विरळ असले तर वर थोडी एरंडी.

शहात्तर साली जीपमधून एक जण केसवाढीच्या हिरव्या बाटल्या विकून गेला. शेजारच्या बेबीताईनं एक घेतली आणि महिन्यात तिच्या पोरीचे केस मूठमूठ गळाले.

पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा सरवरीनं त्याची झुलपं धरून डोकं हुंगलं अन् भर बाजारात कडाडली, "तुह्या डोक्याले तं माह्याच घाण्याच्या तिळाचा वास येऊन राह्यला, मेल्या! मंग आमच्या पोरीयले हे हिरवं जहर काहून?"

तो झुलपं सोडवायला धडपडू लागला. तोवर बेबीताईनं पायातली चप्पल काढली होती.